पासष्ट हजारांचा डबा

गेमिंगसाठी कॉम्प्युटर घेतोय असं घरात जाहीर केलं तेव्हा आई "म्हणजे व्हिडिओ गेम?" एवढंच म्हणाली आणि चकल्यांच्या कढईकडे वळली. बाबांनी पेपरमधून मान वर काढली नाही. "वय काय तुझं?"

एकतीस. २०२३ची दिवाळी होती, बोनस हातात पडला होता, अंगावर कुठला हप्ता नव्हता. शाळेत असताना खालच्या मजल्यावरच्या दादाच्या खिडकीला लटकून त्याचे गेम बघायचो. तो कंटाळला की खिडकी लावून घ्यायचा. माझ्या हाती थेट नोकरीचा लॅपटॉप आला, तोही टॅली आणि एक्सेलपुरता. मोबाइलवर गोळ्या झाडून झाल्या होत्या. आता एकदा तरी बसून, मोठ्या पडद्यावर, नीट खेळायचं होतं. बजेट पासष्ट हजार, मॉनिटरसकट.

पहिला फटका बसता बसता राहिला तो इथेच, कल्याणात. एका दुकानात काचेवर बोर्ड लावलेला: आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड, बावीस इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस फुकट, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. कॅबिनेटच्या काचेतून आतले पंखे निळे-जांभळे चमकत होते. माझे सदतीस हजार वाचत होते. दोन हजार आगाऊ द्यायला पाकीट काढलंही होतं. पण त्या दुकानात यूपीआय बंद होतं आणि पाकिटात सातशेच रुपये निघाले. उद्या येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर्व्हर आणि नेटवर्क बघणाऱ्या काकांना हे ऐश्वर्य सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कितव्या पिढीचा आय-सेव्हन?"

मला पिढ्या असतात हेच माहीत नव्हतं. दुकानात फोन करून नंबर विचारला. आय-सेव्हन ३७७०. म्हणजे तिसरी पिढी, २०१२चा माल. कुठल्याशा कंपनीनं कार्यालय बदलताना काढलेले कॉम्प्युटर, धुऊनपुसून दिव्यांच्या डब्यात बसवलेले. आणि चार जीबीचं कार्ड, म्हणजे गेमचं चित्र घडवणारा भाग, ते होतं जीटी ७३०, २०१४ सालचं. काका म्हणाले, "अरे, चार जीबी ही कार्डाची ताकद नाही, गोदाम आहे. गोदाम भलं मोठं आणि माल उचलायला हमाल एकच. काय उपयोग?" हे वाक्य मी पुढे चार जणांना फुकट वाटलंय. नव्यानं कॉम्प्युटर घेणारा माणूस आय-फाइव्ह, आय-सेव्हन असले शब्द ऐकतो आणि त्यामागचा आकडा ऐकतच नाही. दुकानदारालाही ते ठाऊक असतं.

मग महिनाभर रात्री जेवणानंतर मी हेच वाचत बसलो. वाचून जे हाती आलं ते तसं साधं होतं. आधी मॉनिटर ठरवायचा, कारण बाकी सगळं त्याच्यासाठी राबतं. १०८०पी पडदा असेल (हा आकडा चित्राच्या बारकाईचा) तर एवढं कार्ड पुरतं, १४४०पी असेल तर त्याच्या वरचं लागतं, आणि ४के आमच्या बजेटनं फक्त दुकानाच्या काचेबाहेरून बघावं. मी चोवीस इंची, १०८०पी, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा धरला. मग कार्ड. एकूण पैशातला तिसरा हिस्सा त्यालाच जातो आणि तो जाऊ द्यावा लागतो. मग त्याला पुरेल असा प्रोसेसर. उरलं ते बाकीच्यांत.

प्रोसेसरवर मी उगाच दहा दिवस घालवले. एका बाजूला आय-थ्री १२१००एफ, चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामकरी), स्वस्त. दुसरीकडे रायझन ५ ५६००, सहा कोअर, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळणारा. तिसरा एक मोह होता ५६००जीचा. नावात नुसतं शेवटी 'जी', पण ग्राफिक्स आतच. म्हणजे आत्ता कार्ड घ्यायचंच नाही, चाळीस हजारात मोकळं व्हायचं, कार्ड पुढच्या दिवाळीला. पैशांची खरोखर ओढाताण असेल तर मी आजही हाच रस्ता सांगेन. पण मी मला ओळखतो. पुढच्या दिवाळीला माझं कार्ड झालं नसतं, आईची वॉशिंग मशीन झाली असती. शिवाय त्या 'जी'मध्ये कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मीच, सोळा एमबी, म्हणजे पुढे कार्ड लावलं तरी साध्या ५६००च्या थोडं मागेच. ५६०० पक्का केला. त्याच्या आत ग्राफिक्स अजिबात नाहीत. हे वाक्य मी तेव्हा वाचलं, समजलं आणि विसरलो. त्याची किंमत पुढे येईलच.

मुंबईत कॉम्प्युटरचे भाग घ्यायचे तर लॅमिंग्टन रोड. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारची रजा टाकली. कल्याणहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं आणि पाच-सात मिनिटं चालायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग. ते नाव सांगून पत्ता विचाराल तर तिथला माणूस तुम्हाला दवाखाना दाखवेल. दुकानं म्हणजे काही ठिकाणी नुसता जिना आणि जिन्याखाली काउंटर. काउंटरपलीकडे माणूस, त्याच्यामागे छतापर्यंत खोकी, आणि अलीकडे आपण चौघे-पाच जण एकमेकांच्या खांद्यावरून आपापल्या याद्या पुढे करतोय.

माझी यादी एक्सेलमध्ये होती, प्रिंट काढलेली. पहिल्या दुकानदारानं ती उलटी धरली, सुलटी केली, आणि पेनानं माझ्याच कागदावर भाव लिहीत सुटला. कार्डाला पैसे कमी, प्रोसेसरला कमी, एकूण बेरीज बासष्ट हजार. मी हरखलो. मग दिसलं की माझ्या यादीतल्या एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, त्यानं आडवी रेघ मारून '४५० वॉट' एवढंच लिहिलंय. कंपनी नाही, काही नाही.

"ये कौनसा?"

"कोई भी डालो भाई, एसएमपीएस का क्या है. करंट देना उसका काम. उसके पैसे में आरजीबी लाइटवाला कॅबिनेट ले लो."

खोकं काढून दाखवायला लावलं. बाजूच्या लेबलवर मोठ्या अक्षरात ४५०, आणि खाली बारीक तक्ता. मी अकाउंट्सचा माणूस, बारीक तक्ता दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट भरतं ते १२ व्होल्टच्या लाइनीवर. तिथे लिहिलेलं १८ अँपिअर. मोबाइलवर गुणलं: १२ गुणिले १८, २१६. म्हणजे खोक्यावर साडेचारशे, आणि कामाचे वॉट दोनशे सोळा. तेही लेबल खरं बोलत असेल तर. मी ठरवलेलं कार्ड, आरएक्स ६६००, एकटं १३२ खातं, प्रोसेसर ६५चा. झाले १९७. मग पंखे, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, साठवणीची एसएसडी, आणि कार्ड मध्येच जी उसळी घेतं ती वेगळीच. मी घेतला तो ५५० वॉटचा, कमी वीज वाया घालवण्याचा 'ब्राँझ' शिक्का असलेला, त्याच्या लेबलवर त्याच रकान्यात ४५ अँपिअर. फरक अडीच हजारांचा. दुकानदार "तुम्हारी मर्जी" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढच्या दुकानात एक पोरगा हळूच म्हणाला, "आरएक्स ५८०, आठ जीबी, साडेसात हजार, एकदम मख्खन." तोंडाला पाणी सुटलं हे कबूल करतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांकडून दिवसरात्र गणितं करवून ते कमावणं, बंद झालं तेव्हा जगभरच्या खोल्याखोल्यांतून ही कार्डं बाहेर पडली आणि पुसूनपासून बाजारात आली. सगळीच खराब असतात असं नाही. माझा एक मित्र असलंच कार्ड अजून वापरतोय. पण कार्ड कसं तपासायचं हे न कळणाऱ्यानं ते काउंटरवर, पाच मिनिटांत, नुसता पंखा फिरताना बघून घेऊ नये. मी घेतलं नाही.

तिसऱ्या दुकानात जमलं. आरएक्स ६६०० साडेवीस हजार, प्रोसेसर बारा हजार तीनशे, सोळा जीबी रॅम बत्तीसशे. हे भाव तेव्हाचे. आज हीच यादी घेऊन गेलात तर रॅमच्या ओळीवरच घाम फुटेल. बोर्ड बी४५०चा, सहा हजार चारशे. त्याच्या खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असं छापलंय ना, ते मुद्दाम बघून घेतलं. जुना स्टॉक असेल तर बोर्डाचं बायोस, म्हणजे बटण दाबल्यावर आधी चालणारा त्याचा आतला प्रोग्राम, नवा प्रोसेसर ओळखत नाही. एसएसडी मी पाचशे जीबीची लिहून नेली होती. माझ्या यादीतला एक गेम एकटाच दीडशे जीबी जागा मागतो हे आठवलं आणि तिथल्या तिथे एक टीबीची केली. "बिल चाहिए?" असं विचारलं गेलंच. बिनबिलाचं दोन-तीन हजारांनी स्वस्त. पण आठवडाभर लोकांची जीएसटी रिटर्न भरणाऱ्यानं शनिवारी बिनबिलाचं कार्ड घ्यावं? आणि कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी सीरियल नंबरवर आणि बिलावर चालते. एकूण सहासष्ट हजार पाचशे. बजेटच्या दीड हजार वर.

मॉनिटरचं खोकं घेऊन लोकलमध्ये चढायचा विचार फलाटावर एक गाडी बघूनच सोडून दिला. दादरवरून टॅक्सी. तेही यादीत नव्हतं.

जोडणी हॉलमध्ये, चटईवर. दुकानात आठशे रुपयांत करून मिळत होती. पण मला स्वतःच करायची होती. बाबा पलंगावर बसून बघत होते. वीजमंडळात एकतीस वर्षं वायरमन होते ते. त्यांच्यासमोर स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा म्हणजे गवयासमोर आरती म्हणण्यासारखं.

प्रोसेसर सोपा. कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण, सॉकेटवर तसाच त्रिकोण, दांडी वर करून नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनानं आत बसतो. दाबायचा नाही. खालच्या हजारावर पिना केसासारख्या बारीक. मग त्याच्यावरचा पंखा. तो बसवायला बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. मी चारही स्क्रू ऐटीत काढले आणि बोर्डाच्या पाठीमागची लोखंडी पट्टी टण्णकन फरशीवर पडली. त्या स्क्रूंनीच ती धरलेली असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं बोर्डाचाच तुकडा गेला. बाबा पहिल्यांदा बोलले, "खालून हात लाव आधी. वरून स्क्रू काढताना खाली काय लटकतंय ते बघायचं." खांबावर शिकलेलं असणार.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, नऊच्या नऊ स्क्रू आवळले, वायरी लावल्या. खोक्यात एक भोकाभोकांचा पातळ पत्रा उरला. तो मागच्या खिडकीत बोर्डाच्या आधी लावायचा असतो. सगळे स्क्रू परत काढले. त्या पत्र्यानं बोटही कापलं. पुढच्या बटणाच्या मुंगीएवढ्या वायरींबद्दल मी काही लिहीत नाही. त्यांच्याविषयी चांगलं बोलण्यासारखं काही नाही.

रात्री साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आई हॉलमध्ये आली. पडदा काळा. 'नो सिग्नल'.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते, त्यातला 'डीरॅम' नावाचा, म्हणजे रॅमचा, पेटून राहिला. रॅमच्या पट्ट्या बघितल्या. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, जिथे हव्यात तिथेच. पण एकीचं एक टोक किंचित वर. या बोर्डाला खाचेची कळ एकाच बाजूला आहे. ती बाजू 'कट्ट' झाली की मी बसली असं समजलो होतो. दुसरी बाजूही अंगठ्यानं दाबावी लागते, आणि बोर्ड वाकेल अशी भीती वाटेल इतकी दाबावी लागते. दाबली. दिवा गेला. पडदा तरीही काळाच.

पुढचा पाऊण तास मी कार्ड काढलं, घातलं, त्याची आठ पिनांची वायर काढली, घातली, यूट्यूबवर एका केरळी मुलाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघितला. आई झोपायला गेली. बाबा उठले, चष्मा लावला, कॅबिनेटच्या मागे वाकले आणि म्हणाले, "या डब्याला अशी भोकं दोन आहेत. तू वरच्यात का घातलंय?"

वरचं भोक बोर्डाचं. ते जातं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे. आणि माझ्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स अजिबात नाहीत. ते मुकं भोक. केबल खाली, कार्डात लावली आणि पडदा उजळला. ५६००जी असता तर गंमत कदाचित याहून वाईट झाली असती. काही बोर्डांवर चित्र वरच्या भोकातूनही येतं. तसं झालं असतं तर मी साडेवीस हजारांचं कार्ड शोभेला ठेवून सहा महिने 'गेम अडकतोय' म्हणत बसलो असतो.

गेम सुरू झाले. छान चालत होते. दोन आठवड्यांनी मामेभाऊ आला, बारावीचा. त्यानं माउस दोनदा गोल फिरवला. "दादा, हे साठवर चालतंय."

"कसलं साठ? एकशे पासष्टचा आहे."

"मॉनिटर आहे. सेटिंग नाही."

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत जाऊन बघितलं तर खरंच ६० हर्ट्झ. कुणीतरी जाऊन ते १६५ करेपर्यंत ते साठच राहतं. त्यानं मग रॅमही तपासली. ३२००ची म्हणून घेतलेली, २४००वर रांगत होती. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची एक ओळ चालू करायची असते. एवढंच. मी पैसे मोजून आणलेला वेग दोन आठवडे तसाच पडून होता आणि मला पत्ताच नव्हता. पोरगा निघताना म्हणाला, "बोर्ड बी५५०चा घ्यायला हवा होता. हे कार्ड आठ लेनचंच आहे आणि तुझा बोर्ड थ्री पॉइंट झिरो." म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता अरुंद, आणि माझ्या बोर्डावर तो जुन्या, कमी वेगाचा. फरक फार पडत नाही. पण जेवणाच्या ताटावर बसल्यावर मला अजून ते वाक्य आठवतं.

खरी गोष्ट मात्र डिसेंबरातली. अनवाणी फरशीवर पाय टेकून खेळत होतो आणि हेडफोन लावायला हात कॅबिनेटला लागला. बोटांत बारीक झिणझिण्या. मुंगी चावल्यासारखं, आणि हात सरकवला की पत्र्यावर थरथर. चपला घातल्या की काही नाही. मी म्हणालो, थंडीतली स्टॅटिक असेल. चार दिवस चपला घालून खेळलो.

पाचव्या दिवशी बाबांनी विचारलं, "घरात चपला का?"

सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. टेस्टर आणला, कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावला. आतला दिवा मंद, पण लागला. मला वाटलं एसएमपीएस गेला, वॉरंटीचं बिल शोधू लागलो. बाबांनी माळ्यावरून त्यांचा टेस्ट लॅम्प काढला: होल्डर, बल्ब आणि दोन वायरी, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. थ्री-पिनच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला. बल्ब लख्ख. फेज आणि वरच्या जाड भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये धरला. काळा.

"तुझा डबा ठीक आहे," बाबा म्हणाले. "घर बिघडलंय."

चांगल्या एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले. त्यांच्यातून येणारा जरासा करंट अर्थिंगनं जमिनीत जावा अशी ती रचना. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध लोंबकळत राहतो, २३०च्या निम्म्यावर. करंट अगदी नगण्य, पण आपण अनवाणी असलो की तोच वाट काढतो. लॅपटॉपला हे कधी जाणवलं नव्हतं.

स्विचबोर्ड उघडला. आत हिरवी वायर होती, व्यवस्थित. ती मागच्या पाइपात जात होती आणि तिथेच, वीतभर आत, संपत होती. पंधरा वर्षांपूर्वी घराचं वायरिंग नवीन केलं तेव्हा कुणीतरी ती दिसायला लावून ठेवली होती. बाबांची तेव्हा मराठवाड्यात बदली होती. एकतीस वर्षं गावभर अर्थिंग तपासणाऱ्या माणसाच्या घरात पंधरा वर्षं अर्थिंग नव्हतं. बराच वेळ ते स्टुलावर बसून त्या वीतभर वायरीकडे बघत राहिले. दिव्याखाली अंधार हे मी म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

रविवारी आम्ही दोघांनी खाली मीटरच्या खोलीपर्यंत नवी वायर ओढली. मी खालून पाइपात सरकवत होतो, ते वरून खेचत होते आणि ओरडत होते, "ढील दे! ढील!" पाणी तापवायच्या गिझरची आणि फ्रिजचीही लाइन त्यातच घेतली. मग त्यांनी लॅम्प पुन्हा धरला. फेज आणि अर्थिंग. बल्ब लख्ख.

संध्याकाळी मी एक्सेल उघडून खर्चाची शीट पुरी करत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले. "वायर घातलीस का यात?"

"ती घराची आहे ना, बाबा."

"तुझ्या डब्यामुळे कळलं. घाल."

हिरवी वायर, बावीस मीटर. क्लिपा, टेप. मजुरी: शून्य. तो आकडा त्यांनी स्वतः वाकून टाइप केला, एका बोटानं. हल्ली सकाळी पेपर आणायला उठले की जाता जाता ते कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावून बघतात. मी पलंगावरून बघत असतो. दिवा लागत नाही, आणि ते दूध तापवायला आत जातात.